कातळगडाची वही

२ जून

ड्वार्फ फोर्ट्रेस या संगणकावरच्या खेळातला माझा मागचा गड गेला. शत्रूनं घेतला नाही, उपासमारीनंही नाही. कोठारात वर्षभर पुरेल एवढं अन्न आणि पिंपांवर पिंपं दारू शिल्लक असताना गेला. एक खाणकामगार कातळाखाली चिरडला. त्याची बायको खचली, खचता खचता भडकली आणि समोर आलेल्या लोहाराला तिनं मारून टाकलं. लोहाराचा दोस्तांचा गोतावळा मोठा. त्यातले तिघे महिन्याभरात तसेच भडकले. इंग्रजी खेळाडू याला टँट्रम स्पायरल म्हणतात. मी वणवा म्हणते, कारण एका काडीनं डोंगर पेटावा तसं ते पसरतं. ऐंशी माणसांतली शेवटी अकरा उरली.

म्हणून नव्या गडाची ही वही, तो तिसऱ्या वर्षात आल्यावर का होईना. या खेपेला शत्रूची नोंद कमी, माणसांची जास्त.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं. ड्वार्फ फोर्ट्रेस हा टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या दोन भावांचा खेळ. ऑगस्ट २००६ मध्ये तो पहिल्यांदा लोकांपुढं आला, तेव्हा पडद्यावर नुसती अक्षरं आणि चिन्हं दिसायची. कित्येक वर्षं तो फुकट होता, लोक आपणहून पैसे पाठवायचे. डिसेंबर २०२२ मध्ये चित्रांची, विकत घ्यायची आवृत्ती आली. मी ती खेळते. सात ड्वार्फ, म्हणजे गोष्टींतली डोंगर खोदणारी बुटकी माणसं, गाडीभर सामान घेऊन डोंगरात उतरतात, पुढं स्थलांतरित येत राहतात. त्यांना बोटानं हलवता येत नाही. आपण जागा आखायची, कामं नेमून द्यायची, बाकी ती आपल्या मर्जीनं वागतात. जिंकणं हा प्रकारच नाही. गड किती टिकतो एवढंच.

५ जून

गडाला खेळानं आपणच एक नाव दिलंय, मी त्याला कातळगड म्हणते. माणसांना धंद्यावरून टोपणनावं दिली: गवंडीण, शिंपीण, भगत, लाकूडतोड्या, मच्छीमार. टाईप रोमन अक्षरांत करावी लागली, वहीत मात्र मराठीतच लिहिणार.

तिसऱ्या वर्षाचा वसंत. माणसं ५८. पडद्यावर वरच्या बाजूला चेहऱ्यांची रांग असते, हिरव्यागार हसऱ्या चेहऱ्यापासून लालबुंद चेहऱ्यापर्यंत, आणि प्रत्येकाखाली आकडा. आज तांबडे पाच, नारिंगी नऊ.

बेत असा: मोठं जेवणघर, प्रत्येकाला स्वतंत्र खोली, चांगलं जेवण, आणि पावसाळा संपायच्या आत धबधबा.

९ जून

जेवणघर झालं. भिंती घासून गुळगुळीत केल्या, त्यावर कोरीवकाम. स्वयंपाकघरात साध्या जेवणाऐवजी चार जिन्नसांचं भारी जेवण लावलं. दारूचे चार प्रकार केले. तीच ती दारू रोज मिळाली की ड्वार्फ तेही मनाला लावून घेतात, आणि दारू अजिबात नसली तर त्यांचा कामाचा वेगच मंदावतो. प्लंप हेल्मेट नावाच्या अळंबीची वाईन, पिगटेलची एल, गुहेतल्या गव्हाची बिअर आणि स्वीट पॉडची रम. चारही पिकं गडाच्या पोटात, अंधारात पिकतात.

१४ जून

अठ्ठावन्न खोल्या पुऱ्या. पलंग, पेटी, कपाट, दार. सुतारानं या रात्रींत माझ्याइतकंच जागरण केलं.

चेहरे: हिरवे वाढले, नारिंगी चारवर आले. तांबडे पाच होते, पाचच आहेत. आणि तेच पाच.

१५ जून

भाऊ शेजारी बसून बघत होता. तो पॉलिटेक्निकला आहे, हा खेळ खेळत नाही, पण बघायला बसतो. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आक्का, तू हॉटेल बांधाय लागलीयस."

"म्हणजे रे?"

"अगं, सगळ्यांला एकच खोली, एकच ताट. त्या पाच जणांला काय पायजे ते बघितलंस का आधी?"

बघितलं नव्हतं. मला वाईट वाटलं, कारण मी दिवसभर फाउंड्रीत हेच काम करते. मी गोकुळ शिरगावला क्वालिटीत आहे. कास्टिंगचं रिजेक्शन वाढलं की आम्ही अंदाजानं भट्टी तापवत बसत नाही. एक पीस घेतो, कापतो, आत बघतो. ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, आहे की वाळू अडकलीय की धातू नीट भरलाच नाही? दोष कळला की इलाज सापडतो. हे पाच जण मी अजून उघडूनही पाहिले नव्हते.

१६ जून

आज खेळ थांबवून ठेवला आणि पाचही जणांचं वाचन केलं. अडीच तास लागले. ज्याला हा खेळ खेळायचाय त्यानं हे अडीच तास काढावेत असं मी मनापासून सांगेन.

माणसावर टिचकी मारली की त्याचं पान उघडतं. त्यातले दोन भाग महत्त्वाचे. एकात त्याचे अलीकडचे विचार आणि आठवणी. दुसऱ्यात स्वभाव, मूल्यं, आवडीनिवडी आणि गरजा. गरजांपुढं लिहिलेलं असतं की कुठली भागली आणि कुठली बरेच दिवस राहून गेलीय. आजवर मी फक्त चेहऱ्याचा रंग बघत होते.

गवंडीण. हिवाळ्यात गॉब्लिनांचा वेढा पडला होता, आम्ही तो परतवला. मागं तीसेक प्रेतं उरली. मी ती मुख्य दरवाज्यातून आत आणून कार्यशाळांशेजारच्या खड्ड्यात टाकायला लावली, कारण तो खड्डा तयार होता. गवंडीण रिकामी असली की तिच्या वाट्याला ओझी वाहणं येई. तिच्या विचारांत एकाखाली एक तेच: प्रेत पाहून हादरली, प्रेत पाहून हादरली. आणि स्वभावाच्या पानावर स्पष्ट लिहिलंय की ताण तिला सोसत नाही. ते पहिल्या दिवसापासून तिथं होतं.

शिंपीण. गडावर सूत नाही म्हणून दोन वर्षं ती शेतात पेरणी करतेय. तिची काहीतरी घडवण्याची गरज पार राहून गेलीय. आणखी एक: स्वतःच्या मालकीची वस्तू हवीय. अंगठी, माळ, काहीही.

लाकूडतोड्या. त्याला शस्त्रांचा सराव हवाय.

भगत. दोन देव मानतो. वर्षभरात एकदाही प्रार्थना केलेली नाही. देऊळ आहे, गेल्या वर्षीच बांधलं, कुठल्याही देवाचा भक्त येऊन बसेल असं सर्वांसाठी खुलं. मग जात का नाही? या प्रश्नावर मी बराच वेळ अडले. उत्तर साधं निघालं. ड्वार्फ या गरजा बहुतेक करून हात रिकामा असतानाच भागवतात, आणि माझ्या गडावर हात रिकामा नसतोच. खाणीतून दगड निघतो, दगडाचा साठा आखलेला आहे, की चालले सगळे दगड वाहायला. तो दगड नीट रचून मला काय करायचं होतं? काहीच नाही. व्यवस्थित दिसावं म्हणून.

मच्छीमार. त्याचं उद्या लिहिते. रात्रीचा दीड वाजलाय आणि सकाळी पहिली शिफ्ट.

१७ जून

मच्छीमार पहिल्या सातांतला. पहिल्याच वर्षी मी नदीतून चर काढला, घाईत. पाणी आत आलं आणि त्याचा जोडीदार वाहून गेला. ती माझी चूक होती, तेव्हा वही नव्हती म्हणून कुठं लिहिली गेली नाही. त्याच्या पानावर मात्र ती आहे.

या खेळात आठवणींचं काम कसं चालतं ते नीट मांडते. प्रत्येकाला ताज्या आठवणींच्या आठ जागा असतात आणि पक्क्या आठवणींच्या आठ. ताजी आठवण तीव्र असेल आणि वर्षभर आपली जागा धरून राहिली, तर ती पक्क्या जागेत जाते. खेळातलं वर्ष ३३६ दिवसांचं, अठ्ठावीस दिवसांचे बारा महिने. पक्की झालेली आठवण मग मधूनच परत येते आणि माणूस तो प्रसंग पुन्हा भोगतो, ताण पुन्हा चढतो. काही आठवणी माणसाचा स्वभावच बदलून टाकतात.

म्हणजे आज त्याला धबधबा, भारी जेवण आणि कोरीव खोली दिली तरी त्याचा तांबडा चेहरा दोन वर्षांपूर्वीच्या पाण्यातून येतोय. त्याला काय द्यायचं ते अजून सुचलेलं नाही.

२२ जून

तिघांचे इलाज:

दगडांचे सगळे साठे काढून टाकले. दगड जिथं फुटला तिथं पडू दे. एका रात्रीत गडावर निवांत माणसं दिसू लागली. भगत पहिल्यांदा देवळात गेला, आणि बराच वेळ तिथंच होता.

गवंडिणीच्या नावापुढचं कुलूप लावलं. ते लावलं की माणूस फक्त नेमलेलं काम करतो, ओझी वाहत नाही. प्रेतांचा साठा दरवाज्याबाहेर, वळणाच्या पलीकडं हलवला. तिकडचं काम सैनिकांकडं. त्यातल्या दोघांनी इतकं पाहिलंय की त्यांच्या पानावर आता कशाचंच काही वाटत नाही असं आलंय. कामाला ते सोयीचे आहेत, पण वाचताना बरं वाटत नाही.

लाकूडतोड्याला तालमीत घातलं. खेळात त्याला तुकडी म्हणतात, पण कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला दुसरा शब्द सुचणार कसा? आजोबा गंगावेस तालमीत पहाटे जायचे. त्यांना खुराकापेक्षा तांबड्या मातीची आठवण जास्त यायची असं आई सांगते. तुकडीला सतत सराव लावला नाही, पाळीपाळीनं लावला. बारमाही सरावाचा आणि पहाऱ्याचाही माणसांना वीट येतो.

२८ जून

कपडे. इकडं माझं लक्षच नव्हतं. तिसऱ्या वर्षी सगळ्यांचे कपडे विरले आहेत, आणि फाटक्या कपड्यांत वावरणं ड्वार्फ मनाला लावून घेतात. एकेकाचं नुकसान थोडं, पण ५८ जणांचं मिळून पुष्कळ.

पिगटेलचं पीक वाढवलं. झाडापासून सूत, सुतापासून माग, मागावरून कापड, मग रंग, मग शिंप्याचं दुकान. मामांचे इचलकरंजीत यंत्रमाग होते. सुट्टीत तिथं गेलं की त्या खडखडाटात दुपारची झोप लागायची. मधला एक दुवा अडला की पुढचं सगळं ठप्प होतं हे मामा सांगायचे, आणि कातळगडावर आज तेच झालं, कारण सूत कातणारं कुणी नेमलंच नव्हतं.

नेमलं. शिंपीण दुकानात बसली. पहिला अंगरखा साधा निघाला, तिसरा चांगला. सोनाराला तांब्याच्या अंगठ्या करायला लावल्या. गुजरीतल्या दुकानाबाहेर बायका थांबतात तशी माणसं साठ्यापाशी थांबून एकेक अंगठी उचलून नेत होती. शिंपिणीनंही नेली.

चेहरे: तांबडे दोन. नारिंगी तीन.

४ जुलै

धबधब्याचं काम काढलं. पडत्या पाण्याचे तुषार अंगावर आले की ड्वार्फना बरं वाटतं, म्हणून जेवणघराच्या वाटेवर वरून पाणी सोडायचं आणि खाली लोखंडी जाळी ठेवायची. वर फ्लडगेट, म्हणजे पाणी अडवणारं दार, खाली लिव्हर, दोघांना एकेक यंत्रणा बसवून जोड.

राधानगरीच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी भरलं की आपसूक उघडतात आणि इकडं कोल्हापुरात घरोघरी बातमी लागते, तिसरा उघडला, पाचवा उघडला. माझं फ्लडगेट लिव्हरवर चालतं आणि लिव्हर ओढल्यावर थोड्या वेळानं उघडतं. बंद करतानाही तसंच. तो थोडा वेळ मी हिशेबात धरला नाही.

५ जुलै

जेवणघरात पाणी. खेळात पाण्याची खोली एक ते सात अशी मोजतात. दारापाशी तीन झालं. चारला माणसं तिथून जायचं सोडतात, सातला बुडतात. कुणी बुडालं नाही. मच्छीमार तिथंच होता, उठून बाहेर गेला, एवढंच.

मी लॅपटॉप मिटून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

१२ जुलै

आठवडाभर फक्त निचऱ्याचं काम. जाळीखालून बोगदा थेट नकाशाच्या कडेपर्यंत नेला, शेवटची भिंत गुळगुळीत करून तिच्यात झरोके कोरले. तिथून पाणी नकाशाबाहेर निघून जातं. आधी रिकाम्या खोलीत चाचणी घेतली, दोन रात्री. मग जेवणघराला जोडलं. तुषार उडतायत, पाणी कुठंही एकच्या वर नाही.

पहिल्या वर्षीच हे असं केलं असतं तर.

१९ जुलै

चार दिवस पाऊस थांबलेला नाही. पंचगंगा पात्राबाहेर पडली. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका, हे आकडे आमच्या गल्लीत लहान पोरालाही पाठ आहेत. आमचं घर शाहूपुरीत, तळमजल्याला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आत आलं होतं. आम्ही सहा दिवस आत्याकडं राजारामपुरीत होतो. परत आलो तेव्हा आईची शिलाई मशीन चिखलात आडवी पडलेली होती.

आज आई दर तासाला विचारते, "बंधाऱ्याला किती झालं गं?" मी फोनवर बघून सांगते. दर खेपेला आकडा इंचा-दोन इंचांनीच वाढलेला असतो. ती ऐकते, कपाटातल्या साड्या वरच्या फळीवर ठेवते, परत खाली काढते, परत ठेवते.

खेळात आठवणीचा आणि पाण्याचा संबंध नाही. मच्छीमार धबधब्याखालून जातो आणि तुषारांनी त्याला बरं वाटतं, सगळ्यांसारखंच. त्याची आठवण तिच्या मनाला येईल तेव्हा येते, जेवताना, झोपताना. आईचं तसं नाही. तिला पत्र्यावरचा आवाज पुरतो. हे अ‍ॅडम्स बंधूंना कधीतरी घालता आलं तर फार खरं होईल.

२४ जुलै

मच्छिंद्री झाली, म्हणजे पुराचं पाणी पुलाच्या खुणेपर्यंत चढलं, असं भाऊ शिवाजी पुलावरून बघून आला. आई, भाऊ, मी, मशीन, कागदपत्रं आणि लॅपटॉप आत्याकडं.

आत्यानं विचारलं, "एवढ्या गडबडीत हे कशाला आणलंस?" तिला सांगितलं की न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं २०१२ मध्ये पहिले चौदा व्हिडिओ गेम संग्रहाला घेतले, त्यात हा आहे. तिनं बघितलं आणि म्हणाली, "मग जप बाई." आणि लॅपटॉपवर आपला टॉवेल घातला.

३० जुलै

पाणी पायरीपर्यंत येऊन उतरलं. घरात आलं नाही. मशीन जागेवर ठेवली.

३ ऑगस्ट

आठ दिवसांनी गड उघडला आणि तासाभरात संदेश: शिंपिणीला झपाटलंय.

याला स्ट्रेंज मूड म्हणतात. एखाद्या ड्वार्फला अचानक काहीतरी अपूर्व घडवायची ओढ लागते. तो कार्यशाळा ताब्यात घेतो, हवं ते सामान गोळा करतो. मिळालं तर जन्मातली एकमेव वस्तू घडते, जिला नाव असतं, आणि बहुधा तो त्या कामात अजोड होऊन बाहेर पडतो. सामान मिळालं नाही तर वेड लागतं.

तिनं पिगटेलचं कापड घेतलं, तांबं घेतलं, एक रत्न घेतलं. मग बसून राहिली. रेशीम हवंय.

रेशीम नाही. गेल्या शरदात व्यापाऱ्यांच्या तांड्यात रेशमाचे दोन तागे होते. मी त्यांच्याऐवजी लोखंड घेतलं.

दुसरी वाट गुहांची. खाली कोळ्यांची जाळी असतात, त्यांचं रेशीम विणता येतं. पण मी गुहेचं तोंड दुसऱ्या वर्षीच बुजवलं, खालून काय वर येईल त्याच्या भीतीनं. आज रात्री ते फोडलं. विणकराला जाळी गोळा करायला पाठवलं, बरोबर चार सैनिक. लाकूडतोड्या त्यांच्यात पुढं होता.

४ ऑगस्ट

विणकर जाळी घेऊन वर आला. सूत मागावर चढलं. कापड मागावरून उतरायच्या आधी तिची मुदत संपली.

शिंपीण दुकानातून बाहेर आली, पडद्यावर एक ओळ आली, आणि त्यानंतर तिनं खाणंपिणं सोडलं. खिन्न झालेला ड्वार्फ परत येत नाही. करण्यासारखं काही नसतं. भाऊ म्हणाला, "आक्का, जुनं सेव्ह उघड की." जुनं सेव्ह होतं. उघडलं नाही. उघडलं असतं तर या वहीला काही अर्थ उरला नसता, आणि पुढं काय होतं ते बघणंही राहून गेलं असतं.

५ ऑगस्ट

मागच्या गडावर इथूनच वणवा लागला होता. म्हणून ती जिवंत असतानाच तिच्या नात्यांचं पान उघडलं. नवरा नाही. जवळचे दोस्त चार: गवंडीण, मच्छीमार, भगत आणि एक आचारी. मैत्र्या सगळ्या जेवणघरातल्या, दगड वाहणं बंद झाल्यानंतर जुळलेल्या.

चौघांना सगळ्या कामांतून काढलं आणि नावापुढं कुलूप लावलं. काम नाही, ओझं नाही. देऊळ, दारूचा गुत्ता, जेवणघर, जिथं जायचं तिथं जावं. गवंडिणीची खोली शिंप्याच्या दुकानापासून लांब, दुसऱ्या मजल्यावर दिली. शवपेटी आधीच करून ठेवली. हे लिहिताना हात जड झाला, पण प्रेत वाटेत पडून राहिलं तर काय होतं ते मी गवंडिणीच्या पानावर वाचलं आहे.

१० ऑगस्ट

शिंपीण तहानेनं गेली. धबधब्यापासून वीस पावलांवर.

घटकाभरात पुरली. दगडी पाटीवर तिचं नाव कोरून थडग्याशेजारी उभी केली. पुरलेल्या माणसाला पाटीची गरज नसते. पाटी लागते ती प्रेत हाती न लागलेल्यांसाठी, नाहीतर त्यांचं भूत गडावर फिरतं. तरी केली. आणि तेव्हा मच्छीमाराच्या जोडीदाराची आठवण झाली. त्याचं प्रेत नदीनं नेलं होतं. त्याच्या नावाची पाटी दोन वर्षांपूर्वी घाईघाईत केली खरी, पण ती अजून कार्यशाळेच्या कोपऱ्यात दगडांच्या ढिगात पडून होती. तीही शिंपिणीच्या पाटीशेजारी लावली.

२१ ऑगस्ट

अकरा दिवस, गडावरचे जवळपास चार महिने. गवंडीण तांबडी झाली, एकदा गुत्त्यात तिनं खुर्ची फेकली, कुणाला लागली नाही. आता नारिंगी. भगत देवळातच असतो. आचारी गडावरच्या दोन आठवड्यांत स्वतःहून ठीक. वणवा लागला नाही.

या दिवसांत भावाबरोबर गुत्त्यात मांजरं बघत बसायचो. २०१५ च्या शेवटी गुत्ते आले तेव्हा मांजरं पटापट मरायला लागली होती. जमिनीवर सांडलेली दारू पंजाला लागायची, मांजरं पंजे चाटायची आणि चाटून चाटून मरायची. टार्न अ‍ॅडम्सनी ती चूक दुरुस्त केली. भावाला हे फार आवडलं, तो मित्रांना सांगत सुटलाय. मला त्यातलं एक पटतं: या खेळात कुणी उगाच मरत नाही. मागं गेलं की कारण सापडतं.

२ सप्टेंबर

मच्छीमाराचं सुचलं. एवढे दिवस मी आठवण काढून टाकायचा विचार करत होते आणि तसं काही खेळात नाही. पण त्या आठ जागा आहेत, आणि नवी तीव्र आठवण जुनीची जागा घेऊ शकते. लग्न, मूल, किंवा हातून घडलेलं उत्तम काम. लग्न माझ्या हातात नाही. काम आहे. मासेमारीत उत्तम काम असं काही नसतं, मासा पकडला की पकडला. मग त्याला नदीवरून कायमचं काढलं आणि कोरीवकामाला लावलं. त्याच्या गरजांत घडवणं आहेच, मी ते वाचलंही होतं, पण मच्छीमार म्हटल्यावर मला नदीच दिसायची.

रिकाम्या बोगद्याच्या भिंती दिल्या त्याला. सुरुवातीचं काम ओबडधोबड.

१५ सप्टेंबर

मच्छीमाराच्या पंचावन्न चौकटी कोरून झाल्या. हात बसला. आज जेवणघराची पूर्वेची भिंत त्याला दिली.

१९ सप्टेंबर

कोरीव चित्रात काय आहे ते खेळ शब्दांत सांगतो. ड्वार्फ आपल्या मनानं विषय निवडतात: फुलं, आकृत्या, देव, आणि गडावर घडून गेलेल्या गोष्टी. आज पूर्वेच्या भिंतीचं वर्णन वाचत गेले. पहिल्या चौकटीत अळंबी. दुसरीत गडाची स्थापना, सात ड्वार्फ. चौथी उत्कृष्ट म्हणून नोंदली गेलीय. तिच्यात एक ड्वार्फ आहे आणि पाणी. ड्वार्फ बुडतोय. खाली लिहिलंय की हे चित्र पहिल्या वर्षीच्या मृत्यूचं आहे, आणि जोडीदाराचं नाव.

त्याचं पान उघडलं. चेहरा नारिंगीवरून पिवळ्यावर. जुनी आठवण आहे तिथंच आहे. ताज्या आठवणींत पहिल्या जागी: उत्कृष्ट काम हातून घडल्याचं समाधान.

आई जेवायला बोलवायला आली होती, मागं उभी राहिली. मी तिला चौथ्या चौकटीचं वर्णन मराठीत वाचून दाखवलं. तिनं चष्मा लावून भिंत बघितली. भिंतीवर तिला नुसती एक करडी चौकट दिसत असणार.

"हा त्याचा दोस्त व्हय गं?"

"होय."

"परत वाच."